पाठीमागची घोडी

आमच्या किनाऱ्यावर एके काळी मोकळी घोडी हिंडायची, असं मी सांगितलं की नातवंडं हसतात. हसू देत. ती घोडी आता नाहीत. कधी गेली हेही कुणाला सांगता येत नाही, कारण ती होती तेव्हाही गावात त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं.

मी नागावची. लग्न होऊन दिघी आणि दिवेआगर यांच्या मधल्या एका लहानशा कोळीवाड्यात आले. साल तीस-एकतीस असेल. नवरा चंदर मासेमारीच्या मचव्यावर जायचा. सासरे नव्हते. सासू केसर, सगळा वाडा तिला केसरआय म्हणायचा. तिच्या एका डोळ्यात मोती पिकला होता आणि दुसऱ्यात उतरत होता. तरी सुकत घातलेल्या जवळ्यातला खडा तिच्या बोटांना बरोबर सापडायचा आणि माझ्या डोळ्यांना नाही, आणि हे ती मला दिवसातून एकदा तरी ऐकवायचीच.

सासरी आल्यावर पहिल्याच सकाळी आम्ही बायका टोपल्या घेऊन किनाऱ्यावर गेलो. ओहोटी लागली होती. सुरूच्या झाडांपुढच्या कोरड्या वाळूत चटया टाकून जवळा पसरायचा होता. मी वाकले होते, तेवढ्यात पायांखालची वाळू थरथरल्यासारखी झाली. मग टापांचा आवाज आला, ओल्या वाळूवरचा, मऊ आणि जड. आजूबाजूच्या सगळ्या बायका उठल्या, डोक्यावर पदर ओढले आणि दर्याकडे पाठ करून गावाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. जणू सगळ्यांना एकाच दोरीनं ओढलं होतं.

मी एकटीच दर्याकडे तोंड करून उभी. मला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

खाडीच्या अंगानं घोडी येत होती. खोगीर नाही, लगाम नाही, नाल नाही. पुढे एक गुळाच्या रंगाची उंच घोडी, तिच्या मागे काळसर, तांबडी, एक पांढरे ठिपके असलेली. त्यांच्या पोटाखाली लाटांचं पाणी उडत होतं आणि ऊन त्या पाण्यातून जात होतं. मी तोवर घोडा पाहिला होता तो अलिबागच्या टांग्याचा, मान खाली घातलेला, डोळ्यांना झापडं लावलेला. हा तोच प्राणी आहे हे मनाला पटेना. त्यांच्या आयाळी कुणी विंचरल्या नव्हत्या, त्यात केवड्याची पानं अडकली होती, आणि तरी त्या इतक्या सुरेख दिसत होत्या की जवळा पसरायचं मी विसरले. सगळ्यांत शेवटी एक शिंगरू होतं, नुसते पाय. ते लाटेला घाबरायचं, उडी मारून बाजूला व्हायचं आणि पुन्हा लाटेकडेच जायचं.

उंच घोडी आमच्यापासून थोड्या अंतरावर थांबली आणि पुढच्या पायानं वाळू उकरू लागली. खड्ड्यात पाणी झिरपलं. तिनं तोंड लावलं. आमच्या किनाऱ्यावर ओहोटीला गोड्या पाण्याचा झरा वाळूतून वर येतो, बायकाही तिथं वाटीनं पाणी भरतात. ते घोड्यांनाही ठाऊक होतं.

"ए नवरी!" शेजारची रंगू दातओठ खात कुजबुजली. "डोळं मिट गो! घो दर्यात हाय ना तुजा?"

तिनं माझा दंड धरून मला गर्रकन फिरवलं.

घरी येताना मला सगळं कळलं. ती घोडी बापदेवाची. बापदेव म्हणजे गावाचा राखणदार. तो त्यांच्यावर बसून किनाऱ्याची राखण करतो, माणसांना दिसत नाही. घोड्याकडे बघत राहिलं तर वरचा स्वारही दिसतो, आणि तो ज्या बाईला दिसला तिच्या घरची होडी दर्या परत देत नाही. म्हणून टापा वाजल्या की पाठ करायची. पुरुष बहुतेक दर्यात असत. किनाऱ्यावर असले तर तेही पाठ करत. कुणी म्हणे, जुन्या काळी अरबांचं घोड्यांनी भरलेलं गलबत खडकावर फुटलं, त्यातली ही. पण हे बोलायचं ते दिवाळीत, पुरुषांनी, ताडी पोटात गेल्यावर.

केसरआयनं सगळ्या बायकांसमोर मला फैलावर घेतलं. "नागावला काय आंधळ्या सुना देतात काय? का डोळं येवढं मोठं करून पाठवतात?" रंगू म्हणाली, "पोरगी नवी हाय, केसरआय." ती म्हणाली, "माजा पोरगा जुना हाय ना!"

घरात आल्यावर ती चुलीपाशी बसली. मी भाकरी थापत होते. मग लाकूड आत सारत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "रंग कंचा व्हता?"

मला आधी कळलंच नाही.

"पुढचीचा गो. पुढं व्हती ना कोन, ती. तिची टाप जड पडते. तिचा रंग कंचा?"

"गुळावानी, आये."

"गुळावानी," ती हळूच म्हणाली. "मी काळी धरून चालले व्हते."

चाळीस वर्षं ती त्या टापा ऐकत आली होती. कोणती घोडी लंगडते, कोणाच्या पोटात पोर आहे, यंदा शिंगरू झालं की नाही, सगळं तिला आवाजावरून माहीत. दिसलं मात्र एकदाही नव्हतं. त्या दिवशी तिनं मला इतकं विचारलं की भाकरी करपली. आयाळ किती लांब? शेपूट कसं धरतात? पाणी पिताना कान कुठं असतात? आणि शेवटी विचारलं, "वर कोन व्हता काय?"

"कोन न्हवता, आये."

तिसऱ्या दिवशी चंदर परत आला, होडीत घोळ, शिंगाडा अशी मासळी भरून. केसरआयनं त्याला दारातच अंगभर चाचपलं. तो हसत म्हणाला, "काय गो आये, मी काय बाजारातला मासा?" पण त्यानंतरही मला बघायची परवानगी मिळाली नाही. "तुला तवा म्हाईत न्हवतं," ती म्हणाली. "म्हाईत नसताना बगनं येगलं, म्हाईत असून बगनं येगलं." मग मीही पाठ करू लागले.

एकदा मासळी निवडताना तिनं मला तिची गोष्ट सांगितली. तिचा नवरा बुधाजी एका वर्षी दर्यातून आलाच नाही. तेव्हा बायकांनी म्हटलं, केसरनं मागं वळून बघितलं असणार, तरणी होती, खाज होती.

"म्या बगितलं न्हवतं गो," ती म्हणाली. हातातला बोंबील तिनं दोनदा धुतला. "येवढा बोल लागायचाच व्हता, तर बगून तरी घ्यायचं व्हतं."

मी हसले. मग तिचं तोंड पाहिलं आणि पुढचा बोंबील हातात घेतला.

त्या वर्षी भाऊबीजेला माझा थोरला भाऊ हरेश्वर आला. तो मुंबईत गिरगावात एका फोटोवाल्याच्या दुकानात कामाला होता. आगबोटीतून दिघीला उतरला आणि डोक्यावर एक पेटी, खांद्यावर तीन लाकडी पाय घेऊन चालत आला. मालकानं जुना कॅमेरा आणि काही काचा दिल्या होत्या. तेव्हा फोटो काचेवर निघायचा. त्यानं वाड्यातल्या म्हाताऱ्यांचे, होड्यांचे, माझा आणि चंदरचा असे फोटो काढले. शेवटच्या दोन काचा उरल्या. चंदर दुसऱ्या दिवशी पहाटे मचवा घेऊन गेला. मी भावाला घोड्यांविषयी सांगितलं.

तो ताडकन उठला. "तुळशे, आणि हे तू आता सांगतेस?"

केसरआय ओटीवर जाळं विणत होती. तिचा हात थांबला. "फोटूत घोडा दिसतो काय रे, हरेश्वरा?"

"दिसतो ना, मावशी. जसा हाय तसा."

"आनि फोटू बगनं म्हंजे घोडा बगनं काय?"

हरेश्वरला हसू आलं, पण तिचा चेहरा पाहून तो गंभीर झाला. "मला न्हाय सांगता येणार, मावशी. कागदच असतो."

तिनं पुन्हा जाळ्याचा डोळा विणायला घेतला, चुकली, सोडवला. मला तेव्हा समजलं की हिला ती घोडी बघायची आहेत, दुसरा डोळा विझायच्या आत. आणि पोराच्या जिवावर उदार होऊन तर ती कधीच बघणार नाही. हा कागद आला तरच.

"बापदेवानं घोड्याकडं बगू नको म्हनलं," ती शेवटी जाळ्याला उद्देशून म्हणाली. "कागदाचं काय म्हनलेला न्हाय. पन चंदरचा पाय वाळूत पडल्याबिगर मी त्या कागदाला बी बगनार न्हाय."

पहिल्या सकाळी हरेश्वर उघड्यावर तिपाई रोवून उभा राहिला. घोडी आली, तिपाई पाहिली, टक लावून बघणारा माणूस पाहिला आणि दूर पाण्याच्या कडेलाच थांबली. झऱ्यावर आलीच नाहीत. त्यानं काच वापरली. संध्याकाळी खिडकीला घोंगडी लावून, तांबड्या कंदिलाच्या उजेडात ती धुतली. घोडी आली होती, पण मुंग्यांएवढी. तरी आली होती. त्यानं ती ओली काच घरातच सावलीत भिंतीला टेकवून ठेवली आणि सकाळी आंघोळीला विहिरीवर गेला.

केसरआयला वाटलं, पोर विसरलं. ओली वस्तू सावलीत ठेवली तर वास मारते, हे ती जन्मभर बघत आलेली. तिनं तोंड दुसरीकडे करून ती काच उचलली, दारापुढच्या खळ्यावर नेली आणि जवळ्याच्या शेजारी कडक उन्हात ठेवली. थोड्या वेळानं, एक बाजू सुकली असेल म्हणून, तिनं ती मासळीसारखी उलटली.

हरेश्वर आला तेव्हा काचेवरचा लेप उन्हानं पातळ होऊन चटईला चिकटला होता. काच उचलली तर तिच्यावर घोडी नव्हती, चार-पाच जवळे होते.

"आगं आये!" मी डोक्याला हात लावला.

"काय झालं?" केसरआय तोंड फिरवूनच उभी होती. "सुकली न्हाय काय अजून?"

हरेश्वरनं काचेवरचा एक जवळा नखानं सोडवला. मग म्हणाला, "सुकली, मावशी. चांगली कुरकुरीत सुकली."

खरं काय ते मी तिला सांगितलं तेव्हा ती चटईपाशी बसली ती उठेना. रंगू येऊन म्हणाली, "बग, बापदेवानंच पुसली." यावर केसरआयनं वर पाहिलं. "बापदेवाला काय काम न्हाय काय गो? म्याच पुसली. ही माजी हातं."

एकच काच उरली होती आणि परवाच्या आगबोटीनं हरेश्वरला जायचं होतं. रात्री तो जेवताना पुन्हापुन्हा म्हणत होता, लांबून काही उपयोग नाही, जवळ यायला हवीत. मी त्याला म्हणाले, "दादा, ती आमच्या जवळ येतात की. आमच्या पाठीशी येऊन पानी पितात. फुरफुर ऐकू येते."

"मग माझ्या जवळ का नाही येत?"

"तू बगतोस."

तो ताट सोडून माझ्याकडे बघत राहिला. आजवर त्या किनाऱ्यावर त्या घोड्यांकडे कुणी डोळे लावून पाहिलंच नव्हतं. वळलेली पाठ म्हणजे त्यांना झाडासारखी.

मग असं ठरलं की कॅमेरा केवड्याच्या बनात लपवायचा आणि झऱ्यापुढे कुणीतरी नेहमीसारखं पाठ करून उभं राहायचं. बायका तयार होईनात. रंगू म्हणाली, "फोटू काडला की आयुष्य कमी व्हतं. आनि मागं घोडा, पुढं ह्याचा तीन पायांचा डबा! मदी मी? न्हाय बाय."

"मी हाय उबी," केसरआय म्हणाली. "माजं आयुष्य कमी व्हायला उरलंय कुटं?"

सकाळी ओहोटी लागली. ऊन नारळांच्या शेंड्यांवरून किनाऱ्यावर उतरलं. केसरआय कमरेवर टोपली घेऊन, केवड्याच्या बनाकडे तोंड करून उभी राहिली. म्हणजे आमच्याकडे. मी भावाशेजारी काट्यांत बसले होते. टापा वाजल्या तशी मी डोळे मिटून पाठ केली.

"तुळशे, इकडे ये," हरेश्वर कुजबुजला. "माझ्या काळ्या कापडात ये. इथं घोडी नाहीत, नुसतं चित्र आहे."

मी कापडात शिरले. आत अंधार, आणि त्या अंधारात एक पुसट काच उजळलेली. तिच्यावर सगळं उलटं होतं. वाळू वर, आभाळ खाली, आणि घोडी टापा वर करून आभाळावरून चालत येत होती. मला भोवळ आल्यासारखं झालं आणि बाहेर यावंसंही वाटेना. गुळाच्या रंगाची पुढे होती. ती थांबली, कान टवकारले, केसरआयच्या पाठीकडे पाहिलं आणि सरळ झऱ्यावर आली. मागून बाकीची आली. काळसर घोड्यानं मान उंच करून आयाळ झटकली. त्यांची ओली अंगं उन्हात चकाकत होती, पोटाखालून पाणी ठिबकत होतं. शिंगरू पाणी प्यायचं सोडून पुढे आलं. एक पाऊल, थांबलं, आणखी एक. त्यानं मान लांब केली आणि केसरआयच्या टोपलीला नाक लावलं.

ती हलली नाही. पापणीसुद्धा हलवली नाही.

"दूर हो," भाऊ म्हणाला. त्यानं कापडातून मला ढकललं, काच घातली आणि कळ दाबली. कळ वाजली तशी उंच घोडीनं मान वर केली, पण पळाली नाही. आरामात पाणी पिऊन सगळी खाडीकडे निघून गेली. टापांचा आवाज विरेपर्यंत केसरआय तशीच उभी होती. मग म्हणाली, "वारा सुटला व्हता काय गो? कमरंला गार लागलं."

मी तोंड उघडलं. भावानं माझा हात दाबला. "फोटोत बघ, मावशी," तो म्हणाला.

त्या दिवशी काच धुवायला घेतली तेव्हा केसरआय घराबाहेर पायरीवर बसून राहिली आणि आपले दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले, पुन्हा काही उचलायला नको म्हणून. काच सावलीत, खुंटीखाली, तिला हवा तितका वेळ सुकली. हरेश्वरकडे उन्हात छापायचा कागद होता. त्यानं काचेखाली कागद लावून तो उन्हात धरला, चित्र उमटल्यावर औषधात बुडवून पक्कं केलं आणि तो कागद कपाटातल्या माझ्या लुगड्याच्या घडीत ठेवून दुसऱ्या दिवशी आगबोटीनं गेला.

फोटो घरात होता आणि चंदर दर्यात होता. केसरआय त्या कपाटाच्या बाजूनं जातानासुद्धा तोंड फिरवून जायची. एकदा म्हणाली, "बरा आलाय काय?" मी म्हणाले, "लय बरा." "सांगू नको!" ती ओरडली. आणि थोड्या वेळानं, "शिंगरू हाय काय त्यात?" "आये, तूच म्हनालीस सांगू नको." "मग नको सांगू," म्हणाली आणि जाऊन तेच भांडं पुन्हा घासू लागली.

मचव्याला उशीर झाला. वारा पडला होता. रंगू दोनदा येऊन काही न विचारता बसून गेली, आणि ते विचारण्यापेक्षा वाईट होतं. मी त्या कापडात काय पाहिलं होतं ते माझं मलाच आठवत राहिलं. शेवटी एका दुपारी शीड दिसलं. चंदर कमरेएवढ्या पाण्यात उतरला, चालत आला, कोरड्या वाळूत पाय ठेवला. केसरआयनं त्याच्या पायाकडे पाहिलं, त्याच्या तोंडाकडे पाहिलंही नाही. वळली आणि घराकडे धावत सुटली. त्या वयात. चंदर बघतच राहिला. "आयेला काय झालं गो?" मी म्हणाले, "चल, दाखवते."

आम्ही पोचलो तेव्हा ती ओटीवर उजेडात बसली होती, कागद चांगल्या डोळ्याच्या अगदी जवळ धरून.

"ही म्हातारी कोन?" ती म्हणाली.

"तूच गो, आये."

"मी? येवढी वाळले?" तिनं स्वतःकडे फार वेळ पाहिलं नाही. बोट हळूहळू मागं सरकलं. उंच घोडी. काळसर घोडा. ठिपक्यांची. प्रत्येकीवर बोट थांबत होतं आणि ओठ हलत होते; टापांवरून तिनं ज्यांना ओळखलं होतं त्यांना ती आता एकेक करून चेहरे जोडत होती. मग बोट स्वतःच्या कमरेपाशी आलं, टोपलीपाशी, आणि थांबलं.

तिनं कागद मांडीवर ठेवला, डोळे पुसले, पुन्हा उचलला.

"वारा न्हवता तो," ती म्हणाली.

"न्हाय, आये."

"येवढा जवळ. आनि मी टोपली घट्ट धरून उबी. येडी." मग चंदरकडे वळून, जसं काही भांडण आहे, "वर कोन बी न्हाय, बग! कोन बी बसलेला न्हाय. मोकळीच हायेत."

चंदरनं फोटो पाहिला. त्यानंही तोवर ती कधी पाहिली नव्हती. "आये," तो म्हणाला, "कसली हायेत गो ही!" एवढंच म्हणाला आणि किती तरी वेळ कागद खाली ठेवला नाही.

तो फोटो मग सगळ्या वाड्यानं पाहिला. रंगूनं आधी बोटांच्या फटीतून, मग नीट. त्यानंतर बायका घोड्यांकडे वळून बघू लागल्या असं मात्र झालं नाही. माणसं दर्यात जातच होती. टापा वाजल्या की पाठी वळतच होत्या.

पण दुसऱ्या उधाणाच्या ओहोटीला आम्ही किनाऱ्यावर होतो तेव्हा टापा आल्या, सगळ्या गावाकडे वळल्या, आणि केसरआय वळून उभी राहिल्यावर उलट्या पावलांनी मागे सरकू लागली. एक पाऊल, थांबली. आणखी एक. कमरेच्या ओच्यातून तिनं तांदळाचा कोंडा काढला, हात पाठीमागे नेला आणि पंजा उघडला.

"केसरआय, खेकडा झालीस काय?" रंगू दबक्या आवाजात म्हणाली.

"गप ऱ्हा."

मी तिच्या शेजारी होते. माझीही पाठ दर्याकडेच होती, म्हणून मागं काय चाललं होतं ते मला दिसलं नाही. वाळू दबल्याचा आवाज आला. मग फुरफुर, अगदी जवळ. मी केसरआयच्या तोंडाकडे बघत राहिले. पिकलेला डोळा आणि पिकणारा डोळा दोन्ही सताड उघडे होते, गावाकडे, नारळांकडे, कशाकडेच नाही. तिचा पाठीमागचा हात किंचित खाली गेला, मग वर आला. तिचे ओठ उघडले.

"गरम हाय गो," ती म्हणाली. "किती गरम हाय ह्याचं तोंड."